हौदातली पानं कोण खात होतं

मी क्वालिटी डिपार्टमेंटचा माणूस. रांजणगावच्या एमआयडीसीत बावीस वर्षं काढली आणि व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय कधी कशावर सही केली नाही. भूत, करणी, भास... असलं काही कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरायचं. या ग्रुपवरचे असले अनुभवही मी खरं तर चुका काढायलाच वाचायचो. त्यामुळे आता माझ्या चुका काढायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. एक गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही, आणि ती आता पोटात राहत नाही.

२००२ साल. शिरूरला आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. बांधकामाच्या पाण्यासाठी मागच्या अंगणात एक हौद केला होता, दहा फूट बाय सहा, गुडघ्याएवढा कठडा. काम संपल्यावर लोक असे हौद फोडून टाकतात. मी मात्र हौसेनं ठेवला, कारण आमच्या कंपनीतले एक परदेशी साहेब मायदेशी परत जाताना त्यांचे चार कोई मासे मला देऊन गेले होते. लालपांढरे, हातभर लांब. हौदाच्या आत कडेकडेनं विटांची पायरी करून तिच्यावर लिलीच्या आणि पाणवनस्पतींच्या कुंड्या मांडल्या. मधोमध एका दगडावर कमळाची कुंडी. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "घरात सोफा नाही आणि माशांना बगीचा!"

याच सुमारास वडील आमच्याकडे राहायला आले. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आमचं घराणं मेंढपाळांचं. गाव दौंड तालुक्यात, पाटसच्या पुढे. शेती होती, तरी आप्पांनी वीस-बावीस मेंढरं शेवटपर्यंत सांभाळली. त्या दिवाळीत ते बांधावरून पडले, खुबा मोडला, आत रॉड घातला. आता मेंढरांमागे कोण जाणार? मी मागेच लागलो, विकून टाका. शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर.

"टिकली इकायची न्हाई. ती देवाची हाय."

लहानपणी मी तापानं फणफणलो होतो, वाचायची आशा नव्हती. तेव्हा आईनं माझ्या नावानं एक मेंढी देवाला सोडली होती. आमच्यात अशी मेंढी विकत नाहीत, कापत नाहीत. ती आपल्या मरणानं मेली की तिच्या पोटची एक तिच्या जागी येते. टिकली ही त्यातली चौथी. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. थोडक्यात, माझ्या जिवाच्या बदल्यातली मेंढी.

मेंढरं विकायला एका दिवसाचीही रजा मिळाली नाही, म्हणून मी सेकंड शिफ्टच्या आधी, सकाळीच गावाला गेलो. टिकलीला माझा चुलतभाऊ नामदेव सांभाळणार होता. तो दौंडला रेल्वेत आहे, ड्युटी करून गावी येईपर्यंत तासभर लागणार होता. व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभा. "सायेब, न्यायची तर सगळी आत्ता न्हेतो, न्हाईतर चाललो मी." मी घड्याळ बघितलं. कंपनीची बस चुकली असती. बाकीची मेंढरं फळीवरून चढली, त्यांच्या मागोमाग टिकलीही आपणहून चढली. मी तिला ढकललं नाही. फक्त अडवलं नाही... इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय, पण दोन्हीत काय फरक आहे? टेम्पो कुठे जाणार हे मला पक्कं माहीत होतं.

घरी येऊन आप्पांना सांगितलं, टिकली नामदेवकडे आहे. नामदेवलाही तसंच बोलायला लावलं.

फेब्रुवारीत हौदातली पानं जायला लागली.

एका सकाळी बघतो तर लिलीची सगळी पानं गायब. कुंड्या जागेवर, माती हललेली नाही, देठांचे नुसते बुडखे. पुण्याहून नवी रोपं आणली, चार दिवसांत तीही साफ. नर्सरीवाला हसला, "कोई आहेत ना? तेच खातात. पालापाचोळा काही सोडत नाहीत." पटलं. तरी खात्री करायची म्हणून मी चारही मासे प्लास्टिकच्या टाकीत हलवले आणि हौदात पुन्हा नवी रोपं लावली. हौदात एक मासा नाही, तरी तिसऱ्या दिवशी पानं गेली. पाच फुटी कंपाउंड, फाटकाला कडी, शेजारी कुणाची शेळीसुद्धा नाही. मी बुडखे काढून व्हर्नियर लावला. सुनंदानं कपाळावर हात मारून घेतला.

आप्पा वॉकर ढकलत ढकलत हौदाशी आले. एक बुडखा हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला.

"हे मेंढराचं खाणं हाय."

"आप्पा, काहीही काय!"

"आरं, शेरडू वरनं वरबाडतंय. म्हस जिभंनं वढून घेती. मेंढरू बुडातनं कापतंय, कात्रीवानी. आन् मधलं कमळ बघ की. त्याला त्वांड लागलंय का? मान पुरली न्हाई तिची."

खरंच. कठड्यापासून दीड-पावणेदोन फुटांपर्यंत चौफेर साफ, आणि मधलं कमळ जसंच्या तसं. मासा असता तर त्यानं मधलं का सोडलं असतं? हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी क्वालिटीवाला!

आप्पांचा चेहरा एकदम उजळला. "टिकलीच ही. नामदेवाकडनं सुटून येती का काय रं?"

"पाटस कुठं, शिरूर कुठं, आप्पा?"

"मग फोन लाव त्याला. दाव्याला हाय का इचार."

मी त्यांच्यासमोर फोन लावून त्यांच्या हातात दिला. नामदेव शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं बोलला, "हाय की आप्पा! म्होरंच हाय, रवंथ करतीया." आप्पांनी मान हलवली, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मग बरंय." तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं.

मी बोललो नाही. वर पळवाटही सापडली. त्या दिवसापासून आप्पा नीट जेवायला लागले. हौदापर्यंत जायचं म्हणून वॉकर सोडून काठीवर आले. डॉक्टर म्हणाले, छान प्रगती आहे. मग कशाला सांगायचं? मी गुपचूप दर आठवड्याला नवी रोपं आणत राहिलो, आणि ती जात राहिली.

आता जे सांगणार आहे ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. थर्ड शिफ्ट करून सकाळी साडेसातला घरी आलो. लख्ख ऊन होतं. बाजूच्या बोळातून मागे गेलो तर आप्पा कठड्यावर अर्धे पाठमोरे बसलेले, आणि मेंढरांना बोलावताना करतात तसा जिभेनं टक-टक आवाज काढत होते. उजव्या हातात लिलीचं एक लांब देठाचं पान धरलेलं, हात पुढे केलेला. समोर कुणीही नव्हतं... आणि पान आखूड होत होतं. टोकाकडून, थोडं थोडं, झटके बसत. कुरूकुरू असा बारीक आवाज येत होता. मी पाच-सहा फुटांवर होतो. देठ बोटांपर्यंत संपला, तसा आप्पांनी हात उलटा करून तळवा पुढे धरला, आणि तो काहीतरी चाटल्यासारखा ओला झाला.

"दमली हाय रं," मागे न बघताच ते म्हणाले. "लांबनं येती."

मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून रडलो. भीती वाटली नाही, शपथ घेऊन सांगतो. लाज वाटली. जिला मी टेम्पोत चढू दिलं ती माझ्याच दारात येऊन खात होती, आणि माझा बाप तिला नामदेवच्या दाव्यावरची समजत होता.

आप्पा त्याच वर्षी जूनमध्ये गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आदल्या दिवशी मला म्हणाले होते, "म्या नसलो तरी तिला उपाशी ठिवू नगंस."

"व्हय आप्पा," मी म्हणालो. तेही खोटंच ठरलं.

कारण आप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हौदातलं एक पान गेलं नाही. आजतागायत नाही. लिली इतकी फोफावली की पाणी दिसत नाही. मासे तेच, परत हौदात सोडलेले; कुंड्या त्याच. कंपनीतला मित्र म्हणतो, मासे म्हातारे झाले, खाणं कमी झालं. असेल. मग टाकीतल्या माशांनी हौदातली पानं कशी खाल्ली, आणि त्या सकाळी आप्पांच्या हातातलं पान कुठे गेलं? येणारे-जाणारे म्हणतात, काय सुंदर हौद ठेवलाय हो तुम्ही! मला त्या हिरव्यागार पानांकडे बघवत नाही.

एकदा सगळे लग्नाला गेले होते तेव्हा हौदाशी उभा राहून मी मोठ्यानं कबूल केलं. टिकले, तुला मी जाऊ दिलं, माझं चुकलं. काही झालं नाही. वाऱ्यानं पानंसुद्धा हलली नाहीत.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी कठड्यावर बसतो. लिलीचं एक पान खुडतो, हात पुढे करतो, आप्पांसारखा जिभेनं आवाज काढतो. बरोबर एक तास. त्या दिवशी नामदेवची वाट बघायला तेवढाच लागला असता. मग हात भरून येतो. पान अख्खंच असतं.