पहिल्या डब्याचा हात

"यंदा नागपूरले चालता का, मावशी?" असं कोणी विचारलं की ती उजवा तळहात पुढे करायची आणि म्हणायची, "याले विचारा. हा माहा नाही, कंपनीचा आहे."

ऐकणारे हसायचे. तीही हसायची. मग हात पदराखाली जायचा.

आमचं घर रायपूरच्या गुढियारीत. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचे. एकदा पोत्याखाली पाठ गेली आणि ते खाटेवर पडले ते पडलेच. मग आई सुक्यामेव्याच्या दुकानात किसमिस निवडायला लागली. संध्याकाळी एक गोणी घरीही आणायची. आम्ही दोघी बहिणी दिव्याखाली बसून देठ काढायचो. एक दाणाही तोंडात टाकायचा नाही, अशी सक्त ताकीद. घरभर गोड वास आणि पोटात कालचा भात. मावशी आमच्याच पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, दुकानात आईच्या शेजारी बसणारी. ती नव्यानं लग्न होऊन आली होती. आमच्याकडे येताना पदरात फुटाणे आणायची. म्हणायची, "हे खा पोट्टीहो. हे आपले आहेत."

त्या दुकानाची आज भनपुरीत फॅक्टरी आहे आणि तेलीबांध्याला काचेचं शोरूम. मी फॅक्टरीतच हिशेब बघते. आमच्या घराण्यातली मी पहिली बी.कॉम. लोक म्हणतात, सारखं काय सांगायचं ते. मी सांगते. देठ काढून काढून मिळवलेली डिग्री आहे.

आता पहिल्या डब्याची गोष्ट सांगते, म्हणजे तिचा हात कंपनीचा कसा झाला ते तुम्हाला कळेल.

दिवाळीचा माल आमच्याकडे दसऱ्याला सुरू होतो. सकाळी तराजूची पूजा होते आणि पहिला डबा बांधून लाल नाडा गुंडाळून शेठच्या देवघरात जातो. दुकान गुढियारीत होतं तेव्हा एका वर्षी धंदा पार बसला होता. त्या दसऱ्याला पहिला डबा मावशीनं शेठच्या हातात दिला आणि दिवाळीच्या आधीच सगळा माल उठला. आताचे म्हातारे शेठ तेव्हा तरुण होते. त्यांनी ठरवून टाकलं, या बाईच्या हाताला बरकत आहे. तेव्हापासून दर दसऱ्याला सकाळी तिच्या दारात गाडी उभी. पाऱ्यातल्या बायका खिडकीतून बघायच्या. शेठ तिला म्हणायचे, "दीदी, तुम तो हमारे घर की लक्ष्मी हो."

बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली ती बाई. जेवायच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणायची, "लक्ष्मी म्हणते मले! अन् लक्ष्मीनं डबा घरून आणाव."

दसरा म्हणजे आमच्या लोकांचा नागपूरला जायचा दिवस. रायपूर स्टेशन पांढऱ्या कपड्यांनी भरून जातं. मावशीची सासू, नणंदा, शेजारणी, सगळ्या दीक्षाभूमीला जायच्या. ही भनपुरीत बदामाचे डबे सील करायची. एरवीच्या दिवशी एकदा ती जाऊन आली होती. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, "मांडव पाहून आली. लगन नाही पाहिलं."

एका वर्षी तिनं धीर करून शेठला सांगितलं. शेठ नाही म्हणाले नाहीत. खुर्चीतून उठले आणि तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "शिव्या देल्ल्या असत्या तं गेली असती," ती म्हणाली. "हात जोडलेल्या माणसाले काय म्हणाव, सांग."

दुसऱ्या एका वर्षी कोणालाच न सांगता ती पहाटे स्टेशनवर गेली. डब्यात बसलीही. तेवढ्यात शेठचा ड्रायव्हर फलाटावर हाका मारत आला, खिडकीतून तिची पिशवी घेतली आणि मोठ्या अदबीनं तिला उतरवून घेऊन गेला. डब्यातल्या बायकांना वाटलं, हिचा कुठे सत्कार आहे.

तुम्ही म्हणाल, नोकरी सोडायची होती. मीही म्हणायचे. पण शेठ एकटे असते तर गोष्ट वेगळी होती. पॅकिंगच्या हॉलमध्ये आसपासच्या गावांतल्या कितीतरी बाया, सगळ्यांची भाकरी दिवाळीच्या सीझनवर. नवरात्र लागलं की त्या तिच्याभोवती जमून जाऊ नको म्हणायच्या. "तैं झन जा, दीदी. सीजन बइठ जाही त हमन का खाबो?"

"माह्या हातात काही नाही वो," ती सांगायची.

"हव दीदी," त्या म्हणायच्या, आणि तिथेच उभ्या राहायच्या.

"मी नाही मानत," ती मला म्हणाली, "पण माह्या एकटीच्या न मानन्यानं काय होते? त्या मानतात ना. एखांद्या वर्षी माल पडून राहिला, तं त्याइले तोंड कसं दाखवू?"

मग सील करायचं मशीन आलं. मला वाटलं, सुटली. शेठनी मशीनला हार घातला आणि म्हणाले, "बटन दीदी दबाएगी."

गेल्या पावसाळ्यात शेठच्या मुलानं, छोट्या भैयानं, मला बोलावलं. शोरूमच्या भिंतीवर कंपनीचा इतिहास लावायचा होता. "आप ग्रेजुएट हो, दीदी, आप ही लिख दो." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या डब्यापासून सुरुवात करायची ठरवली आणि जेवायच्या सुट्टीत मावशीजवळ जाऊन बसले.

"मावशी, तो डबा बांधताना तुझ्या मनात काय होतं?"

ती भाजीत पोळी बुडवत होती. हात तसाच थांबला. "मी बांधलाच नोहता."

"म्हणजे?"

"तुह्या मायनं बांधला. किसमिस भरली, नाडा बांधला, सारं तिनंच. तिचे हात चिकट होते, अन् नागपूरची गाडी धराची घाई, म्हणून मले म्हणली, जाय, शेठले नेऊन दे. शेठनं डबा माह्या हातात पाहिला."

"मग तू सांगितलं काहून नाही?" हिशेबाच्या टेबलावरची माझी मराठी तिच्यासमोर टिकत नाही.

"दिवाळी झाल्यावर शेठ हाताचं बोलाले लागला, तवा सांगनारच होती. पन तुही माय रडाले लागली. तुहा बाप खाटेवर, तुमी लहान. वर्षातून तेवढा एक दिवस ती तुमाले घेऊन नागपूरले जाये. मी म्हणलं, तू जाय. माहं काय, नवी नवरी, ना लेकरू ना बाकरू. मी पुढच्या वर्षी जाईन."

मला ते नागपूर आठवलं. आईच्या कडेवरून दिसलेली माणसंच माणसं, पांढरी. तिथे मला घेऊन दिलेली प्लॅस्टिकची शिट्टी. आई आता नाही. मावशी खाली मान घालून जेवत राहिली, आणि मी माझा डबा झाकून ठेवला.

दोन दिवसांनी मी शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठ काय म्हणतील ते मला जाण्याआधीच माहीत होतं. त्यांना मी ओळखते. तरी गेले आणि सगळं सांगितलं.

शेठची नजर माझ्या हातांवर आली.

"माँ का हाथ बेटी में उतरता है," ते म्हणाले. "दशहरे को सुबह गाड़ी भेज दूँगा, बेटा."

"हाँ," मी म्हणाले.

हॉलमध्ये बातमी पोचायला वेळ लागला नाही. मावशी तरातरा माझ्या टेबलाशी आली. "काहून सांगतलं वो? शिकून सवरून अटकली ना!"

"मी कितीदा तरी जाऊन आले, मावशी. एक वर्ष नाही गेले तर काय होतं? पुढच्या वर्षी बघू."

"असंच म्हणली होती मी," ती म्हणाली.

दसऱ्याला गाडी आली. शेजारणी खिडकीत आल्या. भनपुरीत बाया माझी वाट बघत दोन रांगांत उभ्या होत्या. मी डब्यात बदाम भरले, मशीनचं बटण दाबलं, नाडा बांधला. मला यातलं काहीच पटत नाही. पण त्यांच्यातल्या एकीनं माझा हात धरून कपाळाला लावला, तेव्हा तो सोडवून घेता आला नाही. मावशीच्या स्टुलावर कोणी बसलं नव्हतं. तिथे पूजेचे हार ठेवले होते.

दुपारी फोन वाजला. पलीकडे इतका गलबला की आधी काही कळेना. मग तिचा आवाज आला, धाप लागलेला. "पोट्टे, लई लोक आहेत वो... लई लोक..." आणि पुढे नुसतं रडणं.

लग्न होऊन रायपूरला आल्यापासून पहिल्यांदा, दसऱ्याच्या दिवशी, मावशी दीक्षाभूमीवर होती.