पप्पांच्या हातातली बंदूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पुण्याच्या भावाला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही, आणि पप्पांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. पप्पा आतल्या खोलीत दुपारचे झोपलेत, दार लोटलेलं आहे, आणि लिहितानासुद्धा मला आवाज होईल अशी भीती वाटतेय.

गोष्ट एका व्हिडिओ गेमची आहे. हसू नका. म्हणजे — हसा, गेम हसण्यासारखाच आहे. एक मोडकी ट्रॉली रुळांवरून आपली आपण धावते. वळायचं नाही, थांबायचं नाही. आपण फक्त बंदूक रोखायची आणि समोर येतील ती भुतं पाडायची. भुतं तरी कसली? ढेरपोटी, बनियनवरची, गोळी लागली की ढुंगण वर करून मोठ्यांदा पादणारी आणि मग फुटणारी. एक तर संडासावर बसल्या बसल्याच लढायला येतं. दिवसा मी बदलापुरातल्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेते, आणि संध्याकाळी घरी हे!

पप्पांनी अंबरनाथच्या फॅक्टरीत तीस वर्षं काडतुसं तपासली. एकेक काडतूस बघायचं, खोट असली की बाजूला टाकायचं. त्यांच्या सहीशिवाय पेटी पुढे जायची नाही. पण आयुष्यात एक गोळी झाडली नाही त्यांनी. स्वतःच म्हणायचे, "जन्मभर लोकांना वाढलं तायडे, पंगतीला कधी बसलो नाही."

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं. उजवा हात तेवढा राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं — सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, व्यायाम चुकवू नका. म्हणून उल्हासनगरहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून तीनदा स्कूटीवर यायची. एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत टाकायचा, दोन बोटांनी, एकेक दाणा. पप्पांना घाम फुटायचा. एकदा डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, राजम्याला कांद्याचा वास येतोय.

त्यांना जरा विरंगुळा म्हणून मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून हा जुना गेम आणला, सोबत दोन प्लास्टिकच्या बंदुका. भावाचं गेमचं मशीन घरात धूळ खात पडलंच होतं. कुणासाठी नेतेय ते ऐकून दुकानदार म्हणाला, "दोनों गन चालू है बेटी. पप्पा को बोल, ठोक के मारने का."

दोन्ही चालू होत्या, ते खरंच. पण पप्पांचा नेम भिंतीवर जायचा, पंख्यावर जायचा. या गेममध्ये दोघांचा जीव एकच — एकाची चूक दोघांना भोवते. ट्रॉलीचं पहिलं स्टेशन यायच्या आतच आम्ही मरायचो. तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी पप्पा चहा प्यायला आत गेले आणि मी गेम एकट्याच्या खेळावर लावला. पडद्यावर नेम दाखवणारं लाल वर्तुळ बंद केलं, म्हणजे कुणाची गोळी कुठे लागली ते कळायला नको. आणि त्यांच्या बंदुकीतले सेल काढून घेतले. खटका दाबला की ती टक् वाजायची. सेल नसले तरी वाजायची.

पप्पांच्या आनंदासाठी केलं, असं सांगू का? सांगता येईल. मी स्वतःला कितीतरी दिवस तेच सांगत होते. पण खरं असं आहे की — मला त्या संडासावरच्या भुताच्या पुढे जायचं होतं. दिवसभर साठ पोरांपुढे घसा फोडून आल्यावर मला एक गोष्ट तरी जिंकायची होती, आणि पप्पांचा हात मधे येत होता. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

त्या संध्याकाळी आम्ही तिसऱ्या स्टेशनापर्यंत गेलो. "पाडला! तायडे, बघितलंस? मी पाडला त्याला!" भूत पादून फुटलं आणि पप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. झटक्यानंतर पहिल्यांदाच असे हसले. मी त्यांची पाठ चोळत म्हणाले, हो पप्पा, तुम्हीच. त्या क्षणी ते मला इतके लाडके वाटले! आणि खोटंही मी त्याच क्षणी बोलले, त्याच तोंडानं.

मग रोज सहा वाजले की आमचा खेळ सुरू. शेजारच्या काकूंना ते कौतुकानं सांगायचे — हात बरा होतोय, कालच चाळीस पाडली. काकू माझ्याकडे बघायच्या. मी मान डोलवायचे. एकदा डोलवलेली मान मग थांबवायची कशी?

महिन्याभरानं पप्पा म्हणाले, "ती पोरगी मला राजमा वेचायला लावते, बालवाडीतल्या पोरासारखं. इथे मी भुतं पाडतोय! सांग तिला, बस झालं आता."

इथे मी थांबायला हवं होतं. एक वाक्य पुरेसं होतं — पप्पा, तुमच्या बंदुकीत सेल नाहीत. दोन दिवस ते वाक्य जिभेवर घेऊन मी घरात फिरले. ते खचतील याची भीती होती का? होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. खोट असलेली वस्तू आयुष्यभर बाजूला टाकणारा तो माणूस — माझ्याकडे कसं बघेल?

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. पप्पांचा हात सुधारलाय, म्हटलं. ती म्हणाली, "ताई, एकदा बघून जाऊ का मी? पैसे नकोत." मी म्हटलं, गरज नाही. शांतपणे म्हटलं. मुलांना गैरहजेरीचं कारण विचारते ना, त्याच आवाजात.

व्यायाम सुटला. हात हळूहळू मिटत गेला, बोटं आत वळली. मी रोज बघत होते.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. पप्पांनी तीनदा सही करून पाहिली. पेन घरंगळत टेबलाखाली गेलं. काउंटरवरच्या बाई समजूतदार होत्या, म्हणाल्या, "काका, अंगठा चालेल की." पप्पांनी डाव्या हाताचा अंगठा दिला.

घरी मी खोबरेल तेल लावून त्यांच्या अंगठ्याची शाई पुसत होते. तेव्हा त्यांनी विचारलं, "गेममध्ये बरा चालतो गं हा. मग सहीलाच का अडतो?"

ते खरंच मला विचारत होते. मास्तरीण ना मी, मला माहीत असेल असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, होईल पप्पा, हळूहळू.

त्यांनी बंदूक मांडीवर घेतली. डाव्या हातानं उजव्या हाताचं एकेक बोट सोडवून खटक्यावर ठेवलं. बराच वेळ लागला त्याला. मग म्हणाले, "चल, लाव." मी लावला.

त्या संध्याकाळी आम्ही शेवटचं स्टेशन पार केलं. पडद्यावर फटाके फुटले, सगळी भुतं एका सुरात पादली. पप्पा या वेळी हसले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची पाठ थोपटली आणि त्याला म्हणाले, "शाबास."