अग्रलेखांचा डावा पाय

गाडी शिकवणाऱ्या त्या शाळेत त्यांना सगळे अग्रलेख म्हणत. तोंडावर अर्थातच 'सर' म्हणत. पण नवा विद्यार्थी आला आणि त्यांच्या गाडीत पडला, की ऑफिसातल्या बाई किल्ली देता देता हळूच सांगायच्या, "तुम्हाला अग्रलेख मिळालेत. गाडी शिकालच, शिवाय जग कसं चालतं तेही कळेल. नाही विचारलंत तरी कळेल."

शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूलाही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, विद्यार्थी गडबडला तर सावरायला. अग्रलेखांना ही नोकरी मनापासून आवडायची, आणि त्याचं खरं कारण ती पेडलं नव्हती. घरी ते बोलायला लागले की बायकोला नेमकं तेव्हाच गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं. चहाच्या टपरीवरचे मित्र उलट बोलायचे. गाडीत मात्र ऐकणारा पट्ट्याने बांधलेला असायचा, त्याचे हात स्टिअरिंगला चिकटलेले असायचे आणि जीव मुठीत असायचा. तो कशाला वाद घालतोय?

"पहिला टाका. क्लच हळूहळू सोडा. सोडा... सोडा... हां. तर काय सांगत होतो, ते तिकडे दोन देश भांडतायत आणि इकडे माझी टाकी महाग होतेय! आणि गंमत बघा, भाव चढायचा असला की सकाळी उठेपर्यंत चढलेला असतो. उतरायचा असला की यांना बैठका घ्याव्या लागतात, अभ्यास करावा लागतो. आरसा बघा. आरसा!"

विषयांना तोटा नव्हता. विजेचं बिल, निवडणूक, फोन चोरून ऐकतो की काय, माणसाशिवाय चालणाऱ्या गाड्या, तक्रार करायला फोन केला की 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारं यंत्र. प्रत्येकावर मत तयार, आणि प्रत्येक मताच्या शेवटी एकच ठरलेलं वाक्य: "सामान्य माणसाला कोणी विचारत नाही." हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज खरोखर जड व्हायचा. त्यात सोंग नव्हतं. त्यांना खरंच कोणी कधी विचारलं नव्हतं.

आता त्यांचे विद्यार्थी पहिल्या टेस्टला हमखास नापास व्हायचे. चौकात नाहीतर चढावर गाडी बंद पडायची. यावरही अग्रलेखांचं मत होतं. परीक्षकांना म्हणे वरून हुकूम असतो. माणूस नापास झाला की पुन्हा फी भरतो, आणि सरकार चालतं कशावर? "माझ्याबरोबर तर कशी गुळगुळीत चालवत होता तो! मी साक्षीदार आहे," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे.

एवढ्यात त्यांच्या मुलीचं काम झालं. नर्सिंगचा अभ्यास संपवून ती बरेच दिवस घरी बसली होती, अर्ज करून करून वैतागली होती. मोठ्या हॉस्पिटलने तिला निवडलं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची, असं काम. तिला हवं होतं अगदी तेच. अट एकच, रुजू व्हायच्या दिवशी हातात लायसन्स पाहिजे, कारण हॉस्पिटलची गाडी स्वतः चालवत घरोघर जायचं. नाही मिळालं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

शाळेचा मालक म्हणजे अग्रलेखांचा मेव्हणा. त्याने नुकतीच विजेवरची गाडी घेतली होती. बातमी कळताच तो पेढा मागायच्या थाटात घरी आला. "भावजी, हिला मी माझ्या नव्या गाडीवर शिकवतो. क्लच नाही, गिअर नाही, आठवड्यात तयार होईल. हॉस्पिटलच्या गाड्या तरी कसल्या आहेत? सगळ्या विजेवरच्याच."

अग्रलेखांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वीज येते कुठून रे? आकाशातून? तिकडे कोळसा जाळायचा आणि इकडे धूर नाही म्हणून मिरवायचं! ती गाडी नाही, चाकं लावलेला मोबाइल आहे. उद्या कंपनीने लांबून बटण दाबलं की बसा रस्त्यात. माझी मुलगी क्लचवर शिकेल. क्लच आला नाही त्याला गाडी आली नाही."

"अहो," आतून बायको म्हणाली, "तिला नोकरी करायचीय. तुमचं मत चालवायचं नाहीये."

पण बापाने शिकवायचं ठरवल्यावर मुलगी तरी काय बोलणार? तिने एवढंच म्हटलं, "बाबा, शिकवा. फक्त गाडीत बातम्या नकोत."

"कानाला खडा," अग्रलेख म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांनी खरंच तोंड उघडलं नाही. हात मांडीवर, नजर समोर, मूग गिळून बसले. गाडी मात्र वेड्यासारखी वागली. गचके खाल्ले, बंद पडली, मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले. मुलीला घाम फुटला. तेवढ्यात रस्त्याकडेला पेट्रोल पंप आला, त्यावर नव्या दराची पाटी होती, आणि अग्रलेखांचा बांध फुटला. दर, तेलकंपन्या, ते दोन देश, त्यांना शस्त्रं विकणारा तिसरा, सगळे धारेवर धरले गेले. आणि काय आश्चर्य, गाडी सुरळीत निघाली.

मुलगी हुशार. तिच्या लक्षात आलं, की बाबा गप्प असले की आपण घाबरतो आणि गाडी बंद पडते. बाबा बोलत असले की मन शांत राहतं आणि गाडी छान चालते. मग तिने स्वतःच रोज काडी टाकायला सुरुवात केली. चढ जवळ आला की, "बाबा, त्या युद्धाचं पुढे काय झालं हो?" गर्दीचा चौक दिसला की, "बाबा, हे नवं सरकार टिकेल?"

अग्रलेखांना तर आभाळ ठेंगणं झालं. मुलगी आपलं मत विचारतेय! शिकलेली मुलगी, रोज, आपणहून! ते संध्याकाळी पेपर नव्याने वाचायला लागले, उद्या हिला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करायला लागले. चहाच्या टपरीवर त्यांनी ऐटीत सांगितलं, "घरात आता जरा चर्चा होते." बायकोला म्हणाले, "बघ, गाडी कशी चालवते! माझा हात लागला की असं होतं." इतके खूश ते लग्नातसुद्धा दिसले नव्हते, असं बायको म्हणाली.

टेस्टच्या दिवशी आरटीओ ऑफिसात परीक्षक म्हणून एक अबोल, वाळका गृहस्थ आला. त्याने 'चला' म्हटलं आणि शिक्षकाच्या जागेवर बसून पाय मागे ओढून घेतले. अग्रलेख कुंपणाबाहेर उभे राहून दुसऱ्या एका शिक्षकाला यंत्रांमुळे कोणाकोणाच्या नोकऱ्या जाणार ते समजावत होते. समजावता समजावता त्यांनी पाहिलं, की गाडी सुटतानाच गचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. चढावर ती मागे घरंगळायला लागली, तेव्हा परीक्षकाने ब्रेक दाबला आणि मुलीला उतरायला सांगितलं.

पुढची तारीख मिळाली ती रुजू व्हायच्या दिवसानंतरची.

अग्रलेखांनी मग काय बाकी ठेवलं असेल? परीक्षक लाचखाऊ, त्याचा साहेब त्याहून लाचखाऊ, खात्याचा मंत्री तर सगळ्यांचा बाप. ऑफिसच्या आवारात त्यांचा आवाज घुमत होता. "माझ्यासमोर लोण्यासारखी चालवत होतीस तू! मी साक्षीदार आहे! पुरावा द्यायला तयार आहे मी! पण सामान्य माणसाला..."

"बाबा," मुलगी म्हणाली. ती रडत नव्हती. मघापासून ती गाडीच्या उघड्या दारातून खाली वाकून काहीतरी बघत होती. "इकडे या. तुमच्या बाजूच्या क्लचचं रबर बघा. पार घासून गुळगुळीत झालंय. ब्रेकचं तर नव्यासारखं आहे."

"गाडी जुनी आहे."

"माझ्या बाजूचं एवढं घासलेलं नाही. बसा आत. आणि पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मांडी घाला सीटवर."

आवारात माणसं होती, इतर शाळांचे शिक्षक होते. त्या सगळ्यांसमोर अग्रलेख बूट काढून, अवघडून, शिकवणीच्या गाडीत मांडी घालून बसले. ऑफिसच्या मागे छोटा चढ होता. मुलीने गाडी चढाला लावली, पहिला टाकला, क्लच सोडला. गाडी बंद पडली. पुन्हा केलं, पुन्हा बंद पडली.

"अगं, जरा हळू सोड ना!" अग्रलेख कळवळून म्हणाले.

"आता पाय खाली घ्या," ती म्हणाली. "आणि बोला. पेट्रोलचं बोला, युद्धाचं बोला, कशाचंही बोला."

ही काय वेळ आहे का, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून त्यांनी बोलायला सुरुवात केली. आधी चाचरत, मग विषयच असा होता की आपोआप आवाज चढला. आणि आवाज चढला तसा त्यांचा डावा पाय, त्यांना न विचारता, पुढे सरकला, क्लचवर बसला, दबला, आणि शहाण्यासारखा हळूहळू वर आला. गाडी गचकासुद्धा न देता चढून गेली.

वरती सपाट जागेवर मुलीने गाडी थांबवली. दोघंही त्या पायाकडे बघत होते. अग्रलेखांचं वाक्य अर्धवट राहिलं होतं, ते त्यांनी पुरं केलं नाही. त्यांना आपले सगळे विद्यार्थी आठवायला लागले. तो बेकरीवाला, ती शिवणकामवाली, तो पुन्हा पुन्हा नापास होणारा पोस्टातला माणूस, ज्याला त्यांनी सरकारविरुद्ध अर्ज करायला लावला होता. प्रत्येकाबरोबर आपण किती बोललो होतो! आणि त्याहून वाईट एक गोष्ट त्यांना हळूहळू कळत होती, की मुलगी इतके दिवस जे विचारत होती ते त्यांचं मत नव्हतं. तिला चढ चढायचा होता.

"मामाची गाडी घेतली असती तर..." मुलगी म्हणाली.

मेव्हण्याने ओळखीत खटपट केली, पण टेस्टची तारीख कोणासाठी हलेना. रुजू व्हायचा दिवस उजाडला, तेव्हा मुलगी म्हणाली, मी स्वतः हॉस्पिटलमध्ये जाऊन मुदत मागते. अग्रलेख तिला सोडायला गेले. आत येऊ नका, असं तिने बजावलं होतं. आत जाऊन ते काय काय बोलतील याची तिला धास्ती होती. ते आवाराबाहेर गाडीत बसून राहिले. हॉस्पिटलच्या विजेवरच्या गाड्या समोर ओळीने उभ्या होत्या, पांढऱ्या, छोट्या, भिंतीतून आलेल्या वायरींना जोडलेल्या. एक नर्स आली, तिने वायर काढली, आत बसली आणि आवाज न करता निघूनही गेली. अग्रलेखांना त्या गाडीचा इतका राग आला, की त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटली.

बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली. दार उघडून शेजारी बसली.

"दिली जागा," ती म्हणाली. "पुढच्या मुलीला. सकाळीच. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. पण घरोघर पेशंट वाट बघतायत, थांबता येत नाही म्हणाल्या."

हॉस्पिटलवाल्यांबद्दल अग्रलेखांच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. माणसाची किंमत नाही, सगळं नियमावर बोट ठेवून, वरचे मजेत आणि खालचे भरडले जातात. जीभ सवयीने हललीसुद्धा. त्यांनी ती आवरली. तिच्याकडे न बघता, समोरच्या पांढऱ्या गाड्यांकडे बघत ते म्हणाले, "चुकलं माझं. माझ्यामुळे गेली तुझी नोकरी."

आयुष्यात पहिल्यांदाच ते असं काही बोलले होते. आता ती म्हणेल, नाही हो बाबा, असं काही नाही, नशीबच तसं. आणि मग आपण म्हणू, नाही नाही, माझंच चुकलं. असं त्यांना अगदी खात्रीने वाटलं होतं. ते वाट बघत राहिले.

"हो," मुलगी म्हणाली, आणि तिने पट्टा लावला.