हेडक्लार्कांचा रस्ता
पगारपत्रकात व्यवसाय कराचा रकाना आला, तेव्हा नाशिकच्या आमच्या ऑफिसात सगळ्यात मोठा आवाज हेडक्लार्कांचा होता. नोकरदारांकडून कापलेला हा कर रोजगार हमीला जायचा. दुष्काळी गावांत रस्ते आणि पाझर तलाव करणाऱ्यांच्या मजुरीला. “फायली आपण उपसायच्या आणि खडी फोडायचे पैसेही आपणच द्यायचे!” हे रोज चहाबरोबर ऐकायला मिळे. पगारपत्रक मीच करत असे. मला तो कर पटायचा, पण वाद घालत बसले असते तर पगार वेळेवर झाले नसते.

त्या उन्हाळ्यात सिन्नरच्या पुढे एका खेड्यात हेडक्लार्कांच्या भाचीचं लग्न होतं. मॅटॅडोर ठरवून सारं ऑफिस निघालं. सामानाची यादी अर्थातच माझ्याकडे. पहिल्याच ओळीत मामाने द्यायची पिवळी अष्टपुत्री. ती नेसल्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी राहणार नव्हती आणि मुहूर्त दुपारचा होता.

गाव दिसायला लागलं आणि गाडी नव्या रस्त्याच्या सुट्या खडीत रुतली. कामावरच्या बायका घमेली खाली ठेवून बघत राहिल्या.

“अहो बाई, जरा धक्का मारा,” हेडक्लार्क म्हणाले. “या रस्त्याचे पैसे आमच्याच पगारातून कापलेत.”

“आस्सं व्हय!” त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली. “मंग मालक, रस्ता तुमचाच हाय. उतरा की खाली!”

बायका खो खो हसल्या. मग तीच म्हणाली, “धक्का मारू, पन आज मोजमाप हाय. खडी कमी पडली तर मजुरी कमी. आमची घमेली कोन उचलनार?”

मी घड्याळ पाहिलं आणि कामं वाटून टाकली. बायका गाडीशी, ऑफिस खडीशी. हेडक्लार्कांनी नव्याकोऱ्या सफारीत घमेलं उचललं.

“मामा, अर्धं नका भरू,” म्हातारीने चाकाखाली बारदान सारता सारता हाक दिली. “न्हाईतर पगार कापीन!”

गाडी निघाली. अष्टपुत्री वेळेवर पोचली, फक्त तिच्यावर मामाची धुळीची बोटं उमटली होती. अंतरपाटामागे ते भाचीच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या केसांतही धूळ होती.

सोमवारी चहाला त्यांचा आवाज तितकाच मोठा होता.

“आमच्या रस्त्यावर अजून रोलर फिरवलेला नाही! कर घेतात ना? मग पाठवा म्हणावं!”