पप्पांचं वुडवर्क

"पेटीवाल्याच्या दारात गाडी कुणाची गं? कोण गेलं?"

"कोणी नाही. त्याची पोरगी चाललीय दुबईला."

समोरच्या ओटीवर बसलेल्या दोघींचं हे बोलणं मी एअरपोर्टला निघताना ऐकलं. डिकीत बॅग ठेवणाऱ्या पप्पांनीही ऐकलं असणार. त्यांनी नुसती बॅग थोडी आत सरकवली. मी मात्र खाली मान घालून गाडीत बसले आणि काच वर केली. गावाचा निरोप मी असा घेतला.

वसईकडच्या आमच्या गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, माझे पप्पा शवपेट्या बनवतात. चर्चची घंटा संथपणे वाजू लागली की गाव कान देऊन विचारतं, कोण? तेव्हा पप्पा रंधा बाजूला ठेवून धुतलेला शर्ट घालतात आणि खिशात दोरी टाकून त्या घरी माप घ्यायला जातात. आमच्या दुकानातून निघालेल्या माणसाला "पुन्हा या" म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. एअरपोर्टवर सगळे मला "लवकर ये" म्हणत होते. पप्पा सवयीने गप्प राहिले. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

मी इंग्लिश मीडियमची, म्हणून क्रॉसवरची इंग्रजी नावं रंगवायचं काम माझ्याकडे असायचं. 'रेस्ट इन पीस'चं स्पेलिंग मी नर्सरीच्या राइम्सबरोबरच शिकले. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावायला जमे, तेव्हा मी रंगवलेली अक्षरं उजेडात दिसत. पप्पा दरवर्षी म्हणायचे, "बघ, तुझं अक्षर किती लोक वाचतात." शाळेत मुली म्हणायच्या, "हिच्याशी भांडू नका गं, माप घेऊन जाईल." मी हसायचे. न हसले असते तर जास्त चिडवलं असतं.

आता मी दुबईत एका मल्याळी मुलीबरोबर फ्लॅट शेअर करते. इथे मला कोणी पेटीवाल्याची म्हणत नाही. ऑफिसच्या पहिल्या टीम लंचला कोणीतरी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माय डॅड इज इन वुडवर्क." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढे त्याचं लोकांनीच 'फर्निचर बिझनेस' केलं आणि मी होऊ दिलं. गावाचं नाव विचारलं तर मुंबई. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे कसं होतं ते सांगायला नको. आणि जे गावात राहिले, त्यांना हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

दुबईतल्या आपल्या लोकांच्या प्रेयर ग्रुपमध्ये बॉबी अंकल होते. हॉटेलच्या किचनमध्ये कामाला, आमच्या शेजारच्या गावचे. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझा चेहरा पप्पांवर गेलाय. बाकीचे चहा घेत होते तेव्हा ते हळूच म्हणाले, "पप्पा बरे आहेत ना? आमच्या बाबांची पेटी त्यांनीच केली होती." मी आधी मागे वळून कुणी ऐकलं का ते पाहिलं. एवढ्यावरून ते काय ते समजले. त्यानंतर कुणी माझ्या मुंबईच्या घराबद्दल विचारलं, की अंकल विषय बदलायचे. बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात बॉबी अंकल कामावरच हार्ट अटॅकने गेले.

संध्याकाळी जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या फ्लॅटवर रोझरीच्या प्रार्थनेला सगळे जमलो. स्मोक अलार्म वाजेल म्हणून फोटोपुढे बॅटरीची मेणबत्ती होती. बॉडी दोन दिवसांनी गावी जाणार होती. रीटा आंटी, त्यांची बायको, माहीमच्या. गावात त्या फार राहिल्या नव्हत्या. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "सासूबाई एकच बोलतायत. पोराचं तोंड दाखवा, मग काय ते करा. मी काय सांगू त्यांना?"

"आंटी, एजंट बोलला ना, पेटी सील्ड येते," डेरिक म्हणाला. ग्रुपची सगळी धावपळ तोच करत होता. "आत पत्रा असतो. उघडायची नाही. खलास."

"पण गावात कोणी तरी..."

"बाजूच्या गावात तो पेटीवाला आहे ना. तो म्हणेल उघडतो, कारण त्याला आपली पेटी विकायचीय. कोणी मेलं की त्यांचा नाताळ."

एकदोघे हसले, दुःखाच्या घरी हसतात तसे, खाली बघत. मीही हसले. शाळेतली सवय.

मग मी कप उचलून किचनमध्ये गेले आणि नळ सोडला. मागे कुवेतहून गावातल्या एका माणसाला असंच आणलं होतं. पप्पांनी फादरांना विचारलं, घरच्यांना बाहेर बसवलं आणि आधी एकट्याने उघडून पाहिलं. चेहरा पुसला, केस विंचरले, मग त्याच्या आईचा हात धरून तिला आत नेलं. दाखवण्यासारखं नसतं तर त्यांनी तसं तोंडावर सांगितलं असतं. मग त्याला जी नवी पेटी केली, तिचे त्यांनी पैसे घेतले नव्हते.

बाहेर रीटा आंटी फोनवर सासूबाईंना सांगत होत्या, "बघू हं आई, बघू." त्या म्हातारीला फसवल्यासारखं ते ऐकू येत होतं. बॉबी अंकल असते तर त्यांनी आताही विषय बदलून मला वाचवलं असतं, हे डोक्यात आलं आणि मला माझीच किळस आली. दोन वर्षं तो माणूस माझी लाज सांभाळत होता. माझ्या एका वाक्यावर त्याच्या आईचं शेवटचं बघणं अडलं होतं आणि मी धुतलेले कप पुन्हा धूत होते.

मी नळ बंद करून बाहेर आले. डेरिक कुणाशी तरी फ्लाइटचं बोलत होता. तो थांबेपर्यंत मी थांबले नाही.

"आंटी, आईंचा फोन ठेवू नका. तो पेटीवाला म्हणजे माझे पप्पा. पेटी उघडता येईल की नाही, ते आधी स्वतः बघतील आणि आईंना सांगतील. ते खोटं बोलत नाहीत."