चिमूटभर ओवा

वडूजच्या पूर्वेला, उघड्या माळावरच्या एका गावात राहीबाई बालवाडी चालवायची. देवळाच्या ओवरीत पोरं बसत. बाईचा जीव मायेचा, पण शिस्त कडक. तिच्या पदराच्या गाठीला ओव्याची पुडी कायम बांधलेली. कारण आमच्याकडचं पोर भ्यालं तरी भ्यालो म्हणत नाही, आईची आठवण आली तरी तसं सांगत नाही. ते म्हणतं, पोटात दुखतंय. राहीबाईला ते घरी पळायचं निमित्त वाटे. मग तळहातावर चिमूटभर ओवा. तोंड भाजलं की पोर गपगुमान पाटीकडं वळे.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळी सरली आणि बिराप्पा धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरला. बायको संगं गेली. लेकीनं चार अक्षरं शिकावीत म्हणून हरणाला मावशीपाशी ठेवलं.

हरणा ओवरीत आली नि म्हणाली, "बाई, पोटात दुखतंय."

ओवा मिळाला. तिनं डोळ्यांत पाणी आणून तो चावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजचंच झालं. एकदा राहीबाई तडकली.

"लबाड हाईस गं तू! पोट दुखणारं पोर शेंगा खातंय व्हय?"

पोरं खदाखदा हसली. 'ओवा, ओवा' म्हणून तिला चिडवू लागली. त्या दिवसापासून हरणा बोलायचीच थांबली. नाव विचारलं तरी ओठ मिटलेले. राहीबाईला वाटलं, खोड मोडली.

पुढं राहीबाईचा नवरा सयाजी रजा संपवून पलटणीत निघाला. यष्टी धुरळ्यात दिसेनाशी झाली. घरी येऊन ती चुलीपुढं बसली, ती बसलीच.

"आगं, भाकर करपली की! काय हुतंय तुला?" सासू साळूबाई म्हणाली.

"पोटात दुखतंय."

म्हातारीनं मुकाट्यानं डबा उघडला नि चिमूटभर ओवा सुनेच्या हातावर ठेवला. "चाव."

राहीबाईनं चावला. तोंड भाजलं. दुखणं जागचं हललं नाही. आणि तिला हरणाचे पाणावलेले डोळे दिसले.

सकाळी तिनं पाट्या बाजूला ठेवायला लावल्या.

"आज पोटाचं बोलूया. कुत्रं अंगावर आलं, तर पोटात काय हुतं?"

"गोळा येतो!" भाऊसो ओरडला.

"आय बाजाराला गेली, तर?"

"कालवतं," कुणीतरी हळूच म्हणालं.

"आन् दुसऱ्याला गूळ मिळाला, तर?"

"लय दुखतं, बाई!"

ओवरी हसली. हरणा मात्र खांबाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

पोरं पांगल्यावर राहीबाई तिच्यापुढं बसली. मोठ्या माणसाची क्षमा मागावी तशी मान खाली घालून म्हणाली, "हरणा, तू लबाड नव्हतीस. माझंच चुकलं. एवढं पोटात घाल गं."

इतक्या दिवसांनी हरणाचे ओठ उघडले. पोटात घालायचं म्हणजे काय, ते या ओवरीत तिला एकच ठाऊक होतं. तिनं तळहात पुढं केला.

"बाई, आज थोडाच द्या. तोंड लय भाजतं."

राहीबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला नि तिथंच थिजला. हरणाचा तळहात उघडाच होता.