वारा आधी कोणाच्या खळ्यात

सुंदराबाईच्या तोंडी लागू नये, असं दर्यापूरकडच्या त्या गावात लहानथोर सगळेच म्हणत, आणि पौष लागला की तेच सगळे तिच्या दारात येऊन उभे राहत. कारण उपणणी. बैलांनी तुडवलेली ज्वारी टोपल्यात घ्यायची, तीन पायांच्या उंच तिवईवर उभं राहायचं आणि वाऱ्यात सोडायची. दाणा खाली, कुटार, म्हणजे भुसकट, पलीकडे. सांगायला काय जातं! हाताचा कल जरा चुकला की सगळं कुटार परत राशीवर. तिवईवर पुरुषानंच चढायचं, असा रिवाज. पण सुंदराबाईचा बाप डोमाजी, ह्या कामातला उस्ताद, गुडघ्यांनी अधू झाला, तेव्हा ही पोरगी पदर खोचून वर चढली. बोलणारे बोलले. संध्याकाळी स्वच्छ रास पाहिली आणि गप्प बसले.

तेव्हापासून खुशालराव पाटलांचं खळं तिचंच. मजुरीत पूर्वी मातेरं मिळायचं, म्हणजे राशीखालचे मातीत मिसळलेले दाणे, तेही उपकार केल्यासारखे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि तिनं मातेऱ्याला हात लावणं सोडलं. "द्याचे असन तं राशीवरचे दाने द्या," म्हणाली. पाटील भडकले, पण देऊ लागले. न देऊन करतात काय? तसा हात पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

बासष्ट साली मात्र नवल झालं. सरकारच्या पडीत जमिनीचा पट्टा तिच्या नवऱ्याच्या, देवमनच्या, नावावर झाला होता. त्यात पहिली ज्वारी पिकली आणि सुंदराबाईचं स्वतःचं खळं झालं. बैल मागून आणलेले, पण ज्वारी आपली! मळून झाली, आता फक्त वारा हवा होता.

तोच नेमका पडला. कडाक्याच्या थंडीत एका रात्री अंगावर गोधडी नकोशी झाली. सकाळी दक्षिणेकडून दमट झुळूक. "झाका सारं," ती देवमनला म्हणाली, "पानी येऊन राहिलं." देवमनला आभाळ निळं दिसत होतं. दिसणारच! ढग डोक्यावर आल्यावर धावपळ करणं कोणालाही जमतं. दुपारी वर सायीसारखे पातळ ढग पसरले, दुसऱ्या दिवशी जाड झाले, भुरभुर लागली. मग एकदम लख्ख ऊन. देवमन ताडपत्री सोडायला धावला, तर हिनं त्याचं मनगट धरलं.

"वारा अजून दक्षिनेचाच हाये. मधातली उघाड फसवी रायते."

तिचा हिशेब साधा होता. दूर कुठंतरी हवा वर चढते, खालची जागा हलकी होते, आणि चुलीच्या तोंडातून वारा आत ओढला जावा तसा चहूकडचा वारा तिकडं धावतो. ती पोकळी उगवतीकडं सरकून गेल्याशिवाय वारा फिरत नाही, आणि वारा फिरल्याशिवाय पाऊस गेला म्हणायचं नाही. झालंही तसंच. सांजेला मावळतीकडून काळा पट्टा चालून आला, वारा गर्रकन वळला, गडगडाट झाला आणि बोराएवढ्या गारा पडल्या. चूल पेटेपर्यंत सगळं आटोपलं.

पहाटे उत्तरेचा वारा सुटला. कोरडा, गार, एका चालीनं वाहणारा. उपणणीला ह्याच्यासारखा वारा नाही, पण तो टिकतो जेमतेम दिवसभर. मग आठ-आठ दिवस पान हलत नाही. हे गावाला सुंदराबाईनंच शिकवलेलं, म्हणून दिवस वर यायच्या आत पाटलांचा गडी सहदेव हजर.

"पाटलानं बलावलं. चाल लवकर."

देवमनचा चेहरा उतरला. "जाय वो बाप्पा. पान्यात राहून माशाशी वैर कायले? आपलं उद्या पाहू."

"उद्या वारा तुमी आनसान?"

तिलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. घरात दाणा नव्हता, आणि पाटील रुसले तर वर्षभराचं काम गेलं. पण आजवर उत्तरेचा पहिला वारा तिनं दरसाल दुसऱ्याच्या राशीवर घातला होता. आता तिची स्वतःची रास उघड्यावर पडून होती.

"सहदेव, पाटलाले सांग, आज वारा माह्या खळ्यात हाये." आणि ती तिवईवर चढली.

पहिलं टोपलं सोडलं. कुटार पलीकडे उडालं, दाणे सरळ खाली पडले. तिला रडू फुटलं. आपलं धान्य असं पडताना तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. देवमनला वाटलं डोळ्यात कुटार गेलं. पुरुषमाणूस, दुसरं काय वाटणार!

दुपारी खुशालराव स्वतः आले. देवमनच्या हातातलं टोपलं तिथंच राहिलं.

"सुंदरे, माज आला काय तुले?"

"माज नाई, पाटील. वारा आला," ती वरूनच म्हणाली. "गेल्या साली तुमच्या खळ्यात होतो मी, औंदा माह्या खळ्यात हावो. पुढच्या खेपेले गडी नोका धाडू. येशीन काय म्हून इचारा."

खुशालरावांच्या कपाळाची शीर उडाली. आता हा माणूस शिव्या घालणार आणि निघून जाणार, असं देवमनला वाटलं. सुंदराबाईनं हात थांबवला नाही. पाटलांची नजर राशीवर गेली आणि ते खळ्याच्या काठापर्यंत आले.

खळ्यात कोणी पायताण घालून येत नाही, मग खळं कोणाचंही असो. पण सुंदराबाईच्या वस्तीतल्या कोणाच्या खळ्यावर पाटलांनी जोडे काढल्याचं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. खुशालराव वाकले. एक जोडा काढला, दुसरा काढला, आणि अनवाणी आत आले. मूठभर दाणे उचलून त्यांनी फुंकर मारली. कुटार नव्हतं.

"सुंदराबाई," ते म्हणाले, "इथलं झाल्यावर येशीन काय?"

"वारा असन तं येईन." मग ती देवमनकडे वळली. "भरा टोपलं. पाहत काय राहिले?"